लघुपट कोणत्या स्पर्धेला पाठवावा: प्रवेशिका भरण्यापूर्वीचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: स्वतःच्या पैशातून केलेला बावीस मिनिटांचा कथात्मक लघुपट आणि ऑनलाइन वाहिनीसाठी केलेली सहा भागांची माहितीमालिका आपल्या हाती आहे, प्रवेश शुल्कासाठी राखलेली रक्कम साधारण पंधरा प्रवेशिकांना पुरेल एवढी आहे, आणि स्वतंत्र चित्रपटकर्त्यांना पुरस्कार देऊ करणाऱ्या स्पर्धा हजारोंनी दिसत असल्यामुळे निवड कशी करावी हे कळत नाही. त्यातच तीन ई-मेल आले आहेत. दोहोंमध्ये ‘सर्वोत्कृष्ट दिग्दर्शन’ आणि ‘सर्वोत्कृष्ट पदार्पण’ हे पुरस्कार मिळाल्याचे कळवले आहे, तर तिसऱ्यात कोणताही पुरस्कार नसून लघुपटाची प्रदर्शनासाठी निवड झाल्याचे आणि डीसीपी (चित्रपटगृहात दाखवण्यासाठीची डिजिटल प्रत) पाठवण्याचे म्हटले आहे. फ्रान्समधील कान आणि अमेरिकेतील सनडान्स या मोठ्या महोत्सवांसाठी राखलेले पहिले प्रदर्शन पुरस्कार नसलेल्या या तिसऱ्या महोत्सवात ‘वाया घालवावे’ का, असे आपण विचारता.

मी बरीच वर्षे माझे लघुपट पाठवत आलो आहे आणि त्याहून अधिक काळ निवड समित्यांमध्ये बसून इतरांचे पाहत आलो आहे. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, पुरस्काराचे नाव आणि चषकाचे छायाचित्र बाजूला ठेवून आपला चित्रपट तिथे नेमके कोण पाहणार आहे, एवढ्याच प्रश्नावर स्पर्धा निवडावी. ई-मेलकडे शेवटी येतो, कारण त्यांचे उत्तर मधल्या मजकुरातूनच निघते.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. महोत्सवातील स्पर्धेला दोन दारे असतात आणि बहुतेक नवे चित्रपटकर्ते दुसऱ्या दारासाठी तयारी करतात. पहिले दार निवडीचे आणि दुसरे पुरस्काराचे. सनडान्स महोत्सवाच्या २०२४ च्या आवृत्तीसाठी १२,०९८ लघुपट आले होते आणि त्यांतून ५३ निवडले गेले, म्हणजे सुमारे २२८ मागे एक. ज्यांची नावे आपण संकेतस्थळावर वाचून भारावून जातो ते परीक्षक फक्त निवडलेले लघुपट पाहतात. उरलेल्या बारा हजारांशी त्यांचा संबंधच येत नाही. ते काम प्राथमिक छाननी करणाऱ्यांचे असते. ही माणसे बहुधा संध्याकाळी, स्वतःचा दिवसभराचा व्यवसाय आटोपून, लॅपटॉपवर आणि साध्या हेडफोनवर, एका बैठकीत आठ-दहा लघुपट पाहतात. त्यांना चित्रपटाविषयी प्रेम नसते असे नाही. प्रेम असल्याशिवाय हे काम कोणी करतच नाही. परंतु पाचव्या लघुपटाच्या सुरुवातीला निर्मितीसंस्थांची सहा बोधचिन्हे, नंतर ड्रोनने टिपलेला सूर्योदय आणि त्यावर सावकाश उमटणारी श्रेयनामावली आली की, लक्ष कोठे जाते हे मी अनुभवाने सांगू शकतो. आपल्या लघुपटातील पहिला संवाद दुसऱ्या मिनिटाच्या शेवटी येतो असे आपण लिहिले आहे. ते दोन मिनिटांचे मौन कथेला आवश्यक असेल तर जरूर ठेवावे, पण ते निव्वळ वातावरणनिर्मिती असेल तर संकलकासोबत पुन्हा एकदा बसावे.

लांबीचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे आणि त्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण येथे लिखित नियम एक असतो आणि व्यवहार दुसरा. अकादमी पुरस्कारांच्या (ऑस्करच्या) व्याख्येनुसार श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट ठरतो. सनडान्समध्ये ही मर्यादा ५० मिनिटांच्या आत आहे. कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत मात्र १५ मिनिटांपेक्षा लांब चित्रपट घेतच नाहीत. म्हणजे कानची मुख्य लघुपट स्पर्धा आपल्यासाठी नियमानेच बंद आहे आणि तिच्यासाठी काही राखून ठेवण्याचे कारण नाही. पण जिथे नियमाने दार उघडे आहे, तिथेही बावीस मिनिटांची किंमत मोजावी लागते. लघुपट एकेकटे दाखवले जात नाहीत. साधारण दीड तासाच्या एका खेळात सहा ते दहा लघुपट गुंफले जातात. कार्यक्रम आखणाऱ्यासमोर प्रश्न असा असतो की, आपला एक लघुपट घेतला तर सात-सात मिनिटांचे तीन लघुपट आणि त्यांचे तीन दिग्दर्शक बाहेर राहतात. तेव्हा तो नुसता चांगला असून भागत नाही. त्या तिघांच्या बेरजेपेक्षा तो चांगला असावा लागतो. मी स्वतः समितीत असताना, सर्वांना आवडलेले पंचवीस मिनिटांच्या पुढचे लघुपट केवळ या कारणाने गळालेले पाहिले आहेत, आणि त्या दिग्दर्शकांना गेलेल्या नकारपत्रात हे कारण कधीही लिहिलेले नव्हते. लघुपट सतरा-अठरा मिनिटांवर आणता येत असेल तर पंधरा प्रवेशिका भरण्यापेक्षा ते काम आधी करावे.

आता पहिल्या प्रदर्शनाविषयी. पहिल्या प्रदर्शनाचा मान एकदाच खर्च करता येतो, ही गोष्ट खरी; पण तो मान सर्वांना सारखाच हवा असतो ही समजूत चुकीची आहे. पूर्ण लांबीच्या चित्रपटांच्या बाबतीत मोठे महोत्सव जागतिक (जगातल्या पहिल्याच) किंवा किमान आंतरराष्ट्रीय (मायदेशाबाहेरच्या पहिल्या) प्रथम प्रदर्शनाचा आग्रह धरतात. लघुपटांबाबत चित्र बरेच सैल आहे. सनडान्स लघुपटांकडून प्रथम प्रदर्शनाची अपेक्षा ठेवत नाही, आणि छोट्या-मध्यम महोत्सवांना तर आपला लघुपट आधी चार ठिकाणी दाखवला गेला आहे याचे बहुधा समाधानच वाटते, कारण कोणीतरी आधीच पारख केलेली असते. त्यामुळे पहिले प्रदर्शन कुलूपबंद करून वर्षभर वाट पाहत बसणे हे लघुपटाच्या बाबतीत बहुतेक वेळा तोट्याचे ठरते. प्रत्येक स्पर्धेच्या नियमावलीतील त्या एका परिच्छेदावर बोट ठेवून वाचावे आणि ज्यांना अट आहे अशा दोन-तीनच ठिकाणांचा क्रम ठरवून घ्यावा.

याउलट, ऑनलाइन प्रदर्शनाबाबत मात्र हात आखडता ठेवावा लागतो, आणि वाहिनी चालवणाऱ्या माणसाला हे सर्वांत अवघड जाते, कारण काम पूर्ण होताच ते प्रेक्षकांसमोर ठेवण्याची त्याला सवय असते. लघुपट अकादमी पुरस्कारासाठी पात्र होण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत: मान्यताप्राप्त यादीतील एखाद्या महोत्सवात पात्रता देणारा पुरस्कार मिळवणे, ठरवून दिलेल्या शहरांपैकी एका ठिकाणी व्यावसायिक चित्रपटगृहात सलग सात दिवस सशुल्क प्रदर्शन करणे, किंवा विद्यार्थ्यांसाठीच्या अकादमी पुरस्कारात पदक मिळवणे. यांपैकी काहीही घडण्यापूर्वी लघुपट सार्वजनिकरीत्या ऑनलाइन आला तर तो मार्ग बंद होतो. आपण म्हणाल की, आपले लक्ष्य एवढे दूरचे नाही. मान्य. पण ही अट इतर अनेक महोत्सवांनीही आपापल्या परीने स्वीकारलेली आहे. कलाकारांच्या आग्रहाखातर मी एकदा एक लघुपट एका शनिवार-रविवारपुरता सर्वांसाठी खुला केला होता. कोणीतरी त्याचा दुवा एका चर्चेत टाकला, आणि चार महिन्यांनी एका महोत्सवाने निवड झाल्यानंतर तो दुवा दाखवून माझे नाव काढून टाकले. चूक त्यांची नव्हती. नियमावलीवर मी स्वतः खूण करून सहमती दिलेली होती.

बनावट स्पर्धांचा विषय समजून घ्यायचा तर प्रवेशिका कशा भरल्या जातात याचा थोडा इतिहास पाहावा लागतो. पूर्वी प्रत्येक महोत्सवाला टेप किंवा डिस्क टपालाने पाठवावी लागे. २००० साली विदाउटअबॉक्स ही सेवा सुरू झाली आणि एकच अर्ज अनेक ठिकाणी पाठवता येऊ लागला; २००८ मध्ये ती आयएमडीबी या चित्रपटविषयक माहितीच्या संकेतस्थळाने विकत घेतली आणि २०१९ मध्ये बंद केली. दरम्यान २०१४ मध्ये फिल्मफ्रीवे हे त्याच कामाचे संकेतस्थळ आले आणि आज बहुसंख्य प्रवेशिका तिथूनच जातात. या सोयीची दुसरी बाजू अशी की, जितक्या सहज अर्ज करता येतो तितक्याच सहज ‘महोत्सव’ही उघडता येतो. एक भारदस्त नाव, दोन डहाळ्यांमधले लॉरेलचे (निवड किंवा पुरस्कार मिळाल्याचे, पोस्टरवर लावायचे) चिन्ह आणि दरमहा नवी अंतिम मुदत एवढ्या भांडवलावर ज्या स्पर्धा चालतात, त्यांचा व्यवसाय चित्रपट दाखवण्याचा नसून प्रवेश शुल्क गोळा करण्याचा असतो. मीही सुरुवातीच्या काळात अशा एका मासिक स्पर्धेत ‘सर्वोत्कृष्ट छायाचित्रण’ पटकावले होते. आनंदाने छायाचित्रकाराला कळवले, आणि दुसऱ्या दिवशी चषकाची किंमत, प्रमाणपत्राच्या छपाईचे शुल्क आणि टपालखर्च यांचा तक्ता आला. त्या महिन्यात किती विभागांत पुरस्कार दिले गेले हे मोजायला बसलो, तेव्हा ऐंशीच्या पुढे मोजण्याचा नाद सोडला.

अशी स्पर्धा ओळखण्यासाठी मी संकेतस्थळावरची प्रशस्तिपत्रे वाचत नाही. गेल्या वर्षीचा कार्यक्रम शोधतो: कोणत्या सभागृहात, कोणत्या तारखेला, किती वाजता कोणता चित्रपट दाखवला गेला. हे वेळापत्रक जिथे नाही, तिथे प्रेक्षक नाहीत. मग गेल्या वर्षी निवडलेल्या दोन-तीन दिग्दर्शकांना लिहून विचारतो की, आपण गेला होतात का आणि सभागृहात माणसे होती का. बहुतेक जण मोकळेपणाने उत्तर देतात. निवड समितीतील माणसांची नावे जाहीर असणे, आयोजकांच्या कामाचा जुना माग सापडणे आणि विभागांची संख्या मर्यादित असणे, या गोष्टीही बोलक्या असतात. एक सावधगिरी मात्र घ्यावी. ऑनलाइन असणे म्हणजे बनावट असणे नव्हे आणि शुल्क घेणे म्हणजे फसवणूक नव्हे. सभागृह, प्रक्षेपण आणि छाननीचा खर्च कोठून तरी यावा लागतो, आणि उत्तम छोटे महोत्सवही त्याच शुल्कावर उभे असतात. अडचण असल्यास शुल्कमाफीसाठी चार ओळींचे सभ्य पत्र लिहावे. त्यात आपली परिस्थिती रंगवून सांगू नये. हा लघुपट त्यांच्याच महोत्सवाला का शोभेल, हे त्यांच्या गेल्या वर्षीच्या एखाद्या विभागाचा उल्लेख करून लिहावे. मला आलेल्या अशा पत्रांपैकी ज्यांना मी होकार दिला, त्यांत हा एक धागा समान होता.

मालिकेचा रस्ता वेगळा आहे. ती आधीच प्रसारित झालेली आहे, त्यामुळे चित्रपट महोत्सवांची बरीच दारे आपोआप मिटली आहेत. सनडान्समध्ये भागमालिकांसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि साउथ बाय साउथवेस्ट या अमेरिकेतील महोत्सवात स्वतंत्रपणे केलेल्या पायलट (नमुन्यादाखलच्या पहिल्या) भागांची स्पर्धा झाली आहे, पण तिथे अपेक्षा सहसा नव्या, न दाखवलेल्या कामाची असते. पुढील मालिकेच्या वेळी पहिला भाग प्रसारित करण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे. प्रसारित झालेल्या ऑनलाइन कामासाठी वेबी पुरस्कार हे जुने आणि परिचित ठिकाण आहे. ते १९९६ पासून दिले जातात, प्रत्येक विभागात एक पुरस्कार परीक्षकांचा आणि एक जनतेच्या मतदानाचा असतो, आणि विजेत्याने आभाराचे भाषण पाच शब्दांत आटोपायचे असा तिथला लोभस दंडक आहे. हा दंडक इतर सोहळ्यांनी का उचलला नाही, याचे मला दरवर्षी नवल वाटते. जनमताच्या पुरस्काराबद्दल एवढेच सांगतो की, तो मोठ्या प्रेक्षकवर्गाचा आधीच असलेला पाठिंबा मोजतो. आपल्या वाहिनीचा वर्ग लहान असेल तर मित्रांना रोज मत देण्याची गळ घालण्यात त्यांचा स्नेह खर्ची पडतो आणि फायदा आयोजकाच्या संकेतस्थळाच्या वर्दळीला होतो.

कंपन्या आणि समाजमाध्यमांचे मंच ज्या स्पर्धा पुरस्कृत करतात, त्यांची नियमावली चित्रपट महोत्सवाच्या नियमावलीपेक्षा दुप्पट काळजीने वाचावी. पाहण्याची जागा हक्कांचे कलम. प्रवेशिका देताच, जिंकलो नाही तरीही, आयोजकाला आपले काम जगभर, कायमस्वरूपी, मोबदल्याविना आणि हवे तसे कापून वापरण्याचा परवाना मिळतो असे शब्द तिथे अनेकदा असतात. अशा वेळी ती स्पर्धा म्हणजे जाहिरातीचे चित्रीकरण स्वस्तात मिळवण्याची योजना असते. दुसरा मुद्दा परीक्षकांच्या स्वातंत्र्याचा. २०२२ मध्ये टिकटॉकने कान महोत्सवाबरोबर अतिलघुपटांची स्पर्धा घेतली, तेव्हा परीक्षक मंडळाचे अध्यक्ष, कंबोडियन दिग्दर्शक रिथी पान यांनी विजेत्यांच्या निवडीत प्रायोजकाचा हस्तक्षेप होत असल्याचे सांगून राजीनामा दिला होता, आणि परीक्षकांच्या निर्णयाचा मान राखण्याची हमी मिळाल्यावरच ते परतले. एवढ्या नामवंत ठिकाणी हे होऊ शकते, तर अनामिक ठिकाणी काय होत असेल याची कल्पना करावी. पारितोषिकाची ‘किंमत’ही उलगडून पाहावी, मोठ्या रकमेतला बराचसा भाग पुष्कळदा कॅमेरा भाड्याने घेताना मिळणाऱ्या सवलतीचा किंवा सॉफ्टवेअरच्या वर्षभराच्या वर्गणीचा निघतो.

आपल्या लघुपटाच्या शेवटी एक प्रसिद्ध गीत वाजते आणि ‘संगीतकाराची तोंडी परवानगी आहे’ असे आपण लिहिले आहे. ही परवानगी पुरेशी नाही. रचनेचा हक्क आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत आणि ते बहुधा दोन वेगळ्या पक्षांकडे असतात. दोघांकडून लेखी संमती लागते. महोत्सवांपुरता परवाना तुलनेने कमी खर्चात मिळतो, पण त्याला मुदत असते आणि त्यात ऑनलाइन प्रदर्शन किंवा विक्री धरलेली नसते. पुरस्कार मिळाल्यावर एखाद्या वाहिनीने लघुपट मागितला आणि शेवटचे गीत काढावे लागले, तर ध्वनिमिश्रण नव्याने करावे लागते. हा सौदा होईल की नाही हे प्रवेशिका भरण्यापूर्वीच ठरवलेले बरे.

तांत्रिक बाबींत तीनच गोष्टी सांगतो. आपण सेकंदाला २५ चौकटींच्या (फ्रेमच्या) गतीने चित्रीकरण केले आहे आणि चित्रपटगृहातील डीसीपी सर्वत्र निर्धास्तपणे चालते ती २४ चौकटींना. चित्र नुसते मंद केले तर बावीस मिनिटांचा लघुपट सुमारे ५५ सेकंदांनी लांबतो आणि आवाजाची पट्टी उतरते, म्हणून रूपांतर करणाऱ्याला ध्वनी वेगळा हाताळायला सांगावे आणि प्रत मोठ्या पडद्यावर एकदा अथपासून इतिपर्यंत पाहावी. छाननीसाठी दिलेला दुवा आणि त्याचा पासवर्ड निकाल लागेपर्यंत बदलू नये. व्हिमिओ या व्हिडिओ संकेतस्थळावर दुवा तोच ठेवून आतली फाइल बदलता येते, ही सोय संकलन सुधारल्यावर उपयोगी पडते. आणि उपशीर्षके भाषा उत्तम जाणणाऱ्या, पण लघुपट न पाहिलेल्या माणसाकडून वाचून घ्यावीत, कारण लेखकाला स्वतःच्या संवादातील संदिग्धता दिसत नाही. याशिवाय, कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर केला असल्यास अर्जातील प्रश्नाला सरळ उत्तर द्यावे. अकादमीने २०२५ मध्ये अशा साधनांमुळे नामांकनाची शक्यता वाढतही नाही आणि घटतही नाही असे म्हटले आहे. इतरत्र नियम वेगवेगळे आहेत, पण लपवलेली गोष्ट नंतर उघड होणे सर्वत्र सारखेच महागात पडते.

आता ते तीन ई-मेल. पहिल्या दोन स्पर्धांची वेळापत्रके शोधून पाहिली. एकीला सभागृहच नाही आणि दुसरी महिन्यातून एकदा विजेते जाहीर करते. दोघींना उत्तर देण्याची गरज नाही आणि त्यांची लॉरेल पोस्टरवर लावू नयेत, कारण छाननी करणाऱ्यांना ही नावे पाठ असतात आणि अशा सात चिन्हांची रांग पाहिली की, चित्रपट सुरू होण्यापूर्वीच त्यांचा चेहरा बदलतो. यांपैकी एका स्पर्धेत आपण अर्जच केला नव्हता असे आपण म्हणता. फिल्मफ्रीवेवरील आपले प्रकल्पाचे पान सर्वांना दिसते आहे, ते खासगी करावे, म्हणजे अशी पत्रे थांबतील.

तिसरा महोत्सव लहान आहे, पण गेल्या तीन वर्षांचे त्याचे खेळनिहाय वेळापत्रक उपलब्ध आहे, तिथे दोन दिवस लघुपट तिकीट लावून दाखवले जातात, आणि त्याच्या गेल्या वर्षीच्या यादीतील दोन लघुपट नंतर बऱ्याच मोठ्या ठिकाणी गेलेले मला माहीत आहेत. तो पुरस्कार देत नाही, डीसीपी मागतो. याचा अर्थ तिथे प्रक्षेपक आहे आणि समोर खुर्च्या आहेत. कान लांबीमुळे आपल्यासाठी नाही, सनडान्सला लघुपटाच्या आधीच्या प्रदर्शनाचे काही नाही, तेव्हा पहिले प्रदर्शन ज्याच्यासाठी राखावे असा कोणीही आपल्या यादीत उरत नाही. त्यांना आजच होकार कळवावा, गीताच्या लेखी संमतीसाठी किती दिवस लागतील ते दोन्ही हक्कधारकांना विचारून घ्यावे आणि नवे संकलन व डीसीपी पाठवण्याची शेवटची तारीख महोत्सवाकडून लेखी मागून घ्यावी.